नात्याचा रकाना

गेल्या दिवाळीत एका परस्त्रीशी माझं प्रेम जमलं. सेहेचाळिसाव्या वर्षी, बँकेत सिंगल विंडोवर बसून दिवसभर पासबुकं छापणाऱ्या माणसाचं असं काही जमणं हीच मुळात बातमी. पण खरी गंमत पुढंच आहे. हे प्रेम जमलं त्या वेळी मी स्वतःही स्त्री होतो.

एवढं लिहून मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा आमची सौ. मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "दोघींपैकी दळण कोण आणायचं?"

बावीस वर्षांच्या संसारात माणसाचं कुतूहल असं नेमक्या जागी येऊन थांबतं.

तर झालं असं. दिवाळीला माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. (त्याचं नाव इथं लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.) पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, पंचविशीचा आहे, आणि तो माझं ऐकतो अशी माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे त्याच्या आईची, समजूत आहे. भाऊबीजेच्या रात्री त्यानं आमच्या चिरंजीवांच्या लॅपटॉपवर मला एक गेम घालून दिला. "मामा, तू रिटायर होईपर्यंत पुरेल," म्हणाला, "घाई करू नको. आणि डोरियन नावाचा एक जण भेटेल, त्याला सोडू नको."

गेमचं नाव 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीनं तो 2014 साली काढला. म्हणजे आमच्या शाखेतल्या पंख्यांच्या मानानं कालचा, पण गेमच्या जगात पणजोबा. अशा खेळांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्याला सोंगाचा खेळ म्हणू. लहानपणी टीव्हीला जोडून आम्ही जो खेळ खेळायचो, त्यात एक मिशीवाला प्लंबर उड्या मारत पुढं जायचा आणि त्याला कोणी काही विचारत नसे. इथं उलट. इथं पाच मिनिटं तलवार चालवायची आणि पंधरा मिनिटं सोबत्यांशी बोलत बसायचं. त्यांची गाऱ्हाणी ऐकायची, कामं करून द्यायची. मन जिंकलं तर मैत्री, आणखी जिंकलं तर प्रेम. आम्ही बँकेत ह्याला कस्टमर रिलेशन म्हणतो, फक्त शेवटचा टप्पा आमच्याकडे नसतो.

सुरुवातीलाच खेळ विचारतो की तुम्हाला कोण व्हायचंय? माणूस, लांब कानांचा एल्फ, बुटका ड्वार्फ की शिंगवाला कुनारी? पुरुष की स्त्री? मी स्त्री निवडली. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात त्याचा खुलासा करायची गरज नाही, तरी करतो. खेळ लढाईचा होता, आणि लढाईत शेवटी कोण जिंकतं ह्याचा बावीस वर्षांचा अनुभव माझ्या गाठीशी होता.

पुढं एका किल्ल्यात मला जोसेफिन भेटली. ही आमच्या सैन्याची राजदूत. बाकीचे वीर तलवारी पाजळत हिंडत असताना ही बाई हातात कागदांची पाटी घेऊन उभी. पाटीला मेणबत्ती लावलेली, म्हणजे दिवे गेले तरी काम चालू. घराणं एके काळचं मोठं व्यापारी, आता कर्जात बुडालेलं, आणि ते सावरायला ही धडपडते आहे. बी. कॉम. झालेल्या माणसाच्या काळजाला हात घालायला आणखी काय लागतं? त्यात संवादाच्या पर्यायांपैकी काहींवर बदामाचं चित्र असतं. आमची पिढी बदाम सात खेळत वाढलेली. बदाम दिसला की टाकायचा, ही हाताला लागलेली सवय. मी टाकत गेलो आणि आमचं जमलं. तिच्या घरच्यांनी मध्येच तिची सोयरीक कुठल्या तरी सरदाराशी ठरवली. मी भर बाजारपेठेत त्याच्याशी द्वंद्व केलं, आणि आमचं प्रेम पाहून तो भला माणूस समजूतदारपणे बाजूला झाला. हे सगळं होईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं की मी बाई आहे, जोसेफिनही बाई आहे, आणि अख्ख्या किल्ल्यात एकानंही 'लोक काय म्हणतील' असं म्हटलेलं नाही.

लक्षात आलं ते कॅसँड्रामुळं. कॅसँड्रा ही आमची दुसरी सोबतीण. तलवारबाज, करारी, आणि चोरून प्रेमकादंबऱ्या वाचणारी. तिच्याशी बोलतानाही मी सवयीनं दोनचार बदाम टाकले होते. तिनं मला बाजूला घेतलं आणि अगदी सभ्यपणे, मला लागू नये अशा बेतानं सांगितलं की तुझ्या मनात काय आहे ते मला दिसतंय, पण माझा कल तिकडे नाही. पुरुष होऊन आलो असतो तर कदाचित जमलं असतं.

कॉम्प्युटरकडून मला आजवर पुष्कळ नकार मिळाले आहेत. पासवर्ड चुकीचा, सर्व्हर बंद, सत्र समाप्त. पण कॉम्प्युटरनं माझी मान राखून दिलेला हा पहिलाच नकार. मी खुर्चीत मागं रेललो. मनात म्हटलं, ही बाई खरी आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण बँकेतल्या माणसाला जुन्या वह्या काढल्याशिवाय चैन पडत नाही. ह्या खेळांत बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष हा पर्याय आला कधी, कोणी आणला आणि कोणत्या खात्यात मांडला, ह्याचं मी रीतसर ऑडिट केलं. भाच्यानं पुण्याहून फोनवर दुवे जोडून दिले.

वहीतली पहिली ठळक नोंद 1998 सालची, 'फॉलआउट 2'. अणुयुद्धानंतरचं उजाड जग. त्यात मोडॉक नावाच्या गावी एक खाटीक राहतो. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी. तुमचं सोंग पुरुषाचं असो वा बाईचं, ह्या दोघांपैकी कोणाबरोबरही तुम्ही रात्र काढलीत की बाप बंदूक घेऊन दारात उभा. म्हणतो, आत्ताच्या आत्ता लग्न लावा! मुलाच्या खोलीतून पुरुष निघाला ह्याचं त्याला काही नाही. लग्नाशिवाय निघाला, ह्याचा संताप. जगबुडीनंतर एवढी प्रगती होणार असेल तर त्या जगबुडीचाही थोडा विचार करायला हवा. ते लग्न मात्र निव्वळ थट्टा आहे. जोडीदार लढाईत कवडीच्या कामाचा नाही, आणि त्याला बोलण्यासारखं काही दिलेलंही नाही. तरीसुद्धा नोंद ती नोंद.

दुसरी नोंद वाचताना मला भरून आलं, कारण ती शुद्ध ऑफिसातली आहे. 'द सिम्स' हा लढाईचा नव्हे, संसाराचा खेळ. बाहुल्यांचं घर चालवायचं. तो तयार होत असताना समलिंगी जोड्या असाव्यात की नसाव्यात ह्यावर खल झाला आणि नसाव्यात असं ठरलं. मग साहेब गेले रजेवर. पॅट्रिक बॅरेट नावाचा नवा प्रोग्रॅमर कामावर आला होता. त्याच्या हाती कोणीतरी चुकून जुना आराखडा दिला, ज्यात त्या जोड्या होत्या. त्यानं बिचाऱ्यानं कागदावर होतं तसं काम करून टाकलं. 1999 साली लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात खेळ सर्वांसमोर मांडला, पडद्यावर एका लग्नाचा प्रसंग चालू होता, आणि त्या गर्दीतल्या दोन बाहुल्यांनी आपण होऊन एकमेकींचं चुंबन घेतलं. त्या दोघी तिथं जमलेल्यांच्या तोंडी झाल्या, आणि 2000 साली खेळ बाजारात आला तो ह्या जोड्यांसकट. मोठाले निर्णय साहेब रजेवर असतानाच होतात हे आम्ही क्लार्क लोक पूर्वीपासून सांगत आलो आहोत, पण आमचं ऐकतो कोण!

तिसरी नोंद 2007 ची, 'मास इफेक्ट'. अंतराळातला खेळ, पुन्हा बायोवेअरचाच. नायक शेपर्ड, तो पुरुष किंवा स्त्री, तुमच्या मर्जीनं. स्त्री शेपर्डला लियारा नावाची एक सोबतीण मिळते. दिसायला बाई, आवाज बाईचा, पण रंग निळा. आणि खेळ लगेच खुलासा करतो की तिच्या जमातीत स्त्रीपुरुष असा भेदच नाही, सगळ्यांचं लिंग एकच. म्हणजे बाईचं बाईशी जमलं असं म्हणताही येतं, आणि कोणी विचारलंच तर 'छे, ती बाई कुठली, ती तर निळी' असंही म्हणता येतं. आमच्या धंद्यात ह्याला सस्पेन्स, म्हणजे उचंत खातं म्हणतात. रक्कम आली आहे, पण कोणाच्या नावावर टाकायची धीर होत नाही, मग ठेवा उचंतात. पुरुष शेपर्डला पुरुष मिळायला तर तिसरा भाग, म्हणजे 2012 साल उजाडावं लागलं.

जपानी लोक आपल्यापेक्षाही मुरलेले. त्यांच्याकडे शेती आणि संसार असा एक लोकप्रिय खेळ आहे, 'स्टोरी ऑफ सीझन्स'. त्यातला मिनरल टाऊन गावचा जुना भाग त्यांनी 2019 साली नव्यानं काढला. त्यात पुरुषानं पुरुषाबरोबर आणि बाईनं बाईबरोबर घर मांडायची सोय केली, पण जपानी आवृत्तीत त्या नात्याचं नाव 'जिवलग मित्र'. तोच खेळ इंग्रजीत गेला तेव्हा त्याचं सरळ लग्न झालं. माणसं तीच, घर तेच, गाय तीच. बदलला फक्त नात्याचा रकाना.

आता रकानेच काढून टाकणाऱ्यांकडे वळू. 2011 सालचा 'स्कायरिम'. इथं गळ्यात मारा देवीचा ताईत घालायचा आणि ज्यांची लग्नाला तयारी आहे त्यांच्यापैकी कोणाशीही जाऊन बोलायचं. तुम्ही पुरुष की बाई हे कोणी बघत नाही. देवळात लग्न लागतं. नंतर तुमचा जोडीदार तुमच्या घरी राहायला येतो, रोज एकदा गरम जेवण करून देतो, शिवाय दुकान काढून नफ्यातल्या रोज शंभर मोहरा तुमच्या हातावर ठेवतो. ठेवींवर एवढा परतावा आमची बँक कोणालाच देत नाही. पण मेख अशी की लग्नानंतर हे बहुतेक सगळे जोडीदार तीच ती ठरावीक वाक्यं बोलतात. काल रणरागिणी असलेली बाई आज जे बोलते तेच शेजारचा लोहारही बोलला असता. काउंटर सगळ्यांना उघडं आहे, फक्त काउंटरच्या पलीकडे कोणी बसलेलं नाही.

त्याच साली आलेला 'ड्रॅगन एज 2' ह्याहून बरा. त्यातले चार प्रमुख सोबती पुरुषाचेही होतात, बाईचेही होतात, आणि चौघांना आपापली डोकी आहेत. तो निघाला तेव्हा एका गिऱ्हाइकानं लेखी तक्रार केली की आमच्यासारखा सरळमार्गी पुरुष हाच तुमचा मुख्य खातेदार, आणि आमच्याकडेच दुर्लक्ष? मला नको असताना एक पुरुष माझ्यावर बदाम टाकतो म्हणजे काय! मुख्य लेखक डेव्हिड गेडर ह्यांनी त्याला जे उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा, की ही प्रेमप्रकरणं कोणा एका प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी नाहीत, सगळ्यांसाठी आहेत. आणि नको असेल तर नाही म्हणायची सोय तुम्हाला दिलेलीच आहे. बायकांना बसस्टॉपवर हे रोज करावं लागतं, हे वाक्य त्यांच्या उत्तरात नाही. ते आमच्या सौ.चं.

तर ऑडिटअखेर माझ्यापुढं दोन तऱ्हेचे खेळ उरले. एका तऱ्हेत दार सगळ्यांना उघडं. कोणीही या, कोणावरही प्रेम करा. दुसऱ्या तऱ्हेत माणसाचा कल ठरलेला. 'मास इफेक्ट 3' मधला विमानं हाकणारा कोर्टेझ हा पुरुषांचाच. त्याचा नवरा शत्रूच्या हल्ल्यात गेलेला आहे, आणि त्याचा शेवटचा रेकॉर्ड केलेला निरोप हा माणूस पुन्हापुन्हा ऐकत बसतो. 'माझा नवरा' असं तो म्हणतो आणि पुढं बोलत राहतो. निळा रंग नाही, खुलासा नाही. मी आजवर जेवढे विधुर पाहिले ते असेच बोलतात, एका वाक्यात सगळं सांगून मग चहाचं विचारतात.

चोखंदळ खेळाडू ह्या दोन तऱ्हांवरून भांडतात. एक पक्ष म्हणतो, सगळे सगळ्यांचे केलेत तर कोणीच कोणाचा राहत नाही. नायकाला हवं तसं वळणारं ते मेणाचं बाहुलं. दुसरा पक्ष म्हणतो, कल ठरवून टाकलात की आमच्या वाट्याला येणार एक, फार तर दोन, आणि उरलेल्यांना तुमच्या पंगतीत डझनभर पानं. दोघांचंही खरं आहे. मला विचाराल तर ही गफलत नियम आणि माणूस ह्यांच्यातली आहे. नियम आंधळा हवा, त्यानं समोर कोण आलंय हे बघता कामा नये. माणूस मात्र डोळस हवा. त्याला आवडनिवड हवी, भूतकाळ हवा, नाही म्हणायचा हक्क हवा. 'स्कायरिम'मध्ये नियम उत्तम आणि माणूस गैरहजर. जुन्या खेळांत माणसं उत्तम आणि खिडकीवर 'काउंटर बंद आहे'ची पाटी.

दोन्ही एकत्र आणणं अशक्य नाही. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा 'बाल्डर्स गेट 3' 2023 साली आला आणि वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून डिसेंबरात त्याला बक्षीसही मिळालं. त्यातले सहाही प्रमुख सोबती कोणाच्याही प्रेमात पडू शकतात, तरी एकही मेणाचा नाही. ॲस्टेरियन नावाचा त्यातला रक्तपिपासू पिशाच्च दोनशे वर्षं धन्याच्या गुलामगिरीत लोकांना भुलवून आणायचं काम करत आलेला. तो तुम्हालाही भुलवतो, आणि पुढं कबूल करतो की ते सगळं मतलबाचं होतं, आता मात्र त्याला खरं काही तरी हवंय, आणि ते कसं करतात हे त्याला माहीत नाही. पुरुष असा किंवा बाई, हे तुम्हाला ऐकावंच लागतं. माणूस उभा करायला त्याचा कल कुलूपबंद करावाच लागतो असं नाही, हे इथं सिद्ध झालं.

मग ह्या खेळात कमी काय? कमी एवढीच की त्या जगात 'लोक काय म्हणतील' हा प्रश्नच नाही. कोणाला घरी काही सांगायचं नाही, कोणाचा बाप वाटेत उभा नाही. ती सुटी आहे, आणि सुटीची गरज असते हे मी एल.टी.सी. घेणारा माणूस नाकारणार नाही. पण सुटीवरून घरी यावं लागतं. घरी कोण असतं, हे मला डोरियननं सांगितलं.

त्याआधी एक जुनी नोंद काढतो, ती माझ्या स्वतःच्या वहीतली आहे. 2019 चा पावसाळा. माझ्या खिडकीवर दोन तरुण संयुक्त खातं उघडायला आले. अर्ज नीट भरलेला, फोटो चिकटवलेले. मी आपला सवयीनं म्हणालो, "भाऊ का?" नाही म्हणाले. "मग कोण?" माझा आवाज मुळात मोठा. पंखे जुने असल्यामुळं शाखेत सगळ्यांचेच मोठे असतात. मागं टोकन घेतलेली वीसेक माणसं. ती सगळी एकदम गप्प झाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि "नंतर येतो" म्हणून अर्ज उचलला. 'नंतर येतो' म्हणालेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे बँकेत पहिल्या वर्षी शिकवतात. खातं उघडायला नातं लागतं असा नियम तेव्हाही नव्हता. तो प्रश्न बँकेचा नव्हता, माझा होता.

त्याच्या आदल्या वर्षी, 6 सप्टेंबर 2018 ला, सुप्रीम कोर्टानं कलम 377 च्या कक्षेतून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध काढून टाकले होते. पुढं 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं आणि ते काम संसदेचं म्हटलं. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस अर्थखात्याचं पत्रक आलं, की अशा जोड्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. पत्रक आमच्याकडे फिरलं तेव्हा प्रत्येक पत्रकावर करतो तशी मी त्यावर 'वाचले' म्हणून सही केली. वाचलं नव्हतं.

आता डोरियन. तेविंतर नावाच्या देशातला उमराव घराण्याचा मुलगा. जादूगार, देखणा, नखरेल, जिभेला धार. माझ्यासारख्या बाईनं बदाम टाकले तर हसून झेलतो, पण पुढं जात नाही. एक दिवस मठातली एक वडीलधारी बाई, मदर गिझेल, मला गाठते. डोरियनच्या घरून पत्र आलंय. त्याची समजूत घालायला माणूस येतोय, त्याला रेडक्लिफ गावच्या खानावळीत घेऊन ये. फक्त कशासाठी ते त्याला सांगू नको, नाहीतर तो येणार नाही.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला. कारण त्याच दिवशी दुपारी ताईचा फोन आला होता. भाच्यासाठी स्थळ आलेलं, मुलगी सी. ए., माणसं चांगली. "तो पोह्यांना म्हटलं तर यायचा नाही. तू त्याला सांग, चुलत्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे म्हणून. तुझं ऐकतो तो." आणि मी "बरं" म्हटलं होतं. थोरल्या बहिणीला 'बरं' म्हणायला मला विचार करावा लागत नाही. पत्रकावर सही करायला लागतो तेवढाच.

रात्री पुन्हा लॅपटॉप उघडला. खेळात मी मोठ्या सत्यवचनीपणानं पत्र डोरियनच्या हातात दिलं. तो आला. खानावळ रिकामी. समोर माणूस वगैरे कोणी नाही, स्वतः बापच उभा. मग कळतं ते असं. डोरियनचा कल पुरुषांकडे. घराण्याला शोभेल अशी मुलगी पाहून ठेवलेली. तो म्हणाला, जन्मभर हे नाटक मी करणार नाही. तेव्हा बापानं रक्ताच्या काळ्या जादूनं त्याचा स्वभावच बदलून टाकायचा घाट घातला. तीच जादू, जी दुबळ्या मनाच्या लोकांचं काम म्हणून ह्याच बापानं मुलाला लहानपणापासून शिकवलेली. मुलगा पळून गेला. आणि आता तोच बाप खाली मान घालून उभा आहे. तो राक्षस नाही. राक्षस असता तर मी तलवार काढली असती, माझ्याकडे चांगली होती. तो मुलाचं भलं व्हावं म्हणून करत होता. मला तो बाप ओळखीचा वाटला. माझा आवाज मोठा, त्याच्याकडे जादू, एवढाच फरक.

खेळ तिथं तुम्हाला विचारतो, डोरियनला घेऊन निघून जायचं, की थांबून बापाचं ऐकून घ्यायला सांगायचं? मी थांबलो. समेट होत नाही. बापलेक बोलतात एवढंच, आणि नंतर डोरियन सांगतो त्यात क्षमा नाही. समीक्षक म्हणून सांगतो, ह्या सगळ्या खेळांत मी पाहिलेला हा सर्वांत उत्तम प्रसंग, आणि त्यात एकही बदाम नाही. समलिंगी माणूस खेळात आहे की नाही हे त्याच्याशी लग्न लागतं का ह्यावरून मोजतात, ते अर्धंच माप. उरलेलं अर्धं, त्याला घर आहे की नाही ह्यावरून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी शाखेच्या मागच्या जिन्यात गेलो आणि पुण्याला फोन लावला.

"रविवारी वास्तुशांत नाहीये," मी म्हणालो. "पोहे आहेत."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग तो हळूच म्हणाला, "मामा, रेडक्लिफला पोचलास वाटतं."

"काल रात्री."

"मग? थांबलास का निघालास?"

"थांबलो. म्हटलं, ऐकून तर घेऊ."

"हं," तो म्हणाला. मग त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, ते त्याच्या खात्यातलं आहे. मी "मग कोण?" विचारलं नाही. त्यानं आपण होऊन सांगितलं.

ताई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. ती राक्षस नाही. ऐकून घ्यायला तिला वेळ लागेल, आणि त्या खानावळीत मी बसून राहायचं ठरवलं आहे. बँकेच्या नोकरीत दुसरं काही नाही तरी बसणं येतं.

हा लेख छापायला देण्यापूर्वी भाच्याला दाखवला. त्यानं दोन जागी गेममधल्या चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या आहेत. शेवटी एवढंच म्हणाला, "आणि मामीला सांग, आमच्याकडे दळण ज्याची सुटी असेल तो आणतो."